बार्बेक्यूचं उरलेलं मांस वाया न घालवता कसं वापरायचं

बार्बेक्यूचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा जास्तीच्याच बाजूने. निखारे विझले तरी परातीत अर्धी कोंबडी, पाच-सहा रिब्स आणि मटणाचे दोन जाड तुकडे शिल्लक असतात. दुसऱ्या दिवशी ते तव्यावर टाकून खरपूस गरम केले की चिवट, कोरडे लागतात आणि मग घरात ठरून जातं, की भाजलेलं मांस शिळं चांगलं लागतच नाही. पण ते शिळं झाल्यामुळे बिघडलेलं नसतं. दुसऱ्यांदा शिजवल्यामुळे बिघडलेलं असतं.

या मांसाचं शिजणं कालच संपलं आहे. मीठ आत मुरलंय, धूर लागलाय, कडा खमंग झाल्यात. आता त्याने भात, बटाटे, अंडी, कडधान्यं अशा सौम्य चवीच्या पदार्थांना चव द्यायची आणि स्वतः फक्त गरम व्हायचं. पुढच्या जवळजवळ सगळ्या कृतींमध्ये मांस शेवटी पडतं ते यासाठीच. एक अपवाद आहे, तो जागच्या जागी येईल.

काम त्याच रात्री सुरू होतं

विस्तवावरून उतरल्यापासून 2 तासांच्या आत मांस फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. बाहेर 32 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उकाडा असेल तर 1 तासाच्या आत. वेळ मोजायची ती मांस जाळीवरून काढल्यापासून. जेवणं आटोपल्यापासून मोजली तर हिशोब चुकतो. 5 ते 60 अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यातल्या काहींचे बीजाणू भाजण्याच्या उष्णतेतूनही वाचतात आणि मांस कोमट होत आलं की पुन्हा जागे होतात. हाताळताना लागलेले काही जंतू मांसात विष सोडतात, आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. त्यामुळे रात्रभर ओट्यावर राहिलेलं मांस ‘उद्या चांगलं उकळून घेऊ’ म्हणून वाचवता येत नाही. ते टाकूनच द्यावं, कितीही जीव तुटला तरी. कच्चं मांस ठेवलेल्या ताटात न धुता परत काढलेले तुकडेही टाका. कच्चं मांस मुरवलेला मसाला सॉस म्हणून वापरायचा असेल तर तो आधी खळखळून उकळला पाहिजे.

धुरावर सावकाश भाजलेल्या मांसाच्या कडेला आतून गुलाबी पट्टा दिसतो. नवख्यांना ते कच्चं वाटतं. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जोडले जातात म्हणून तो रंग टिकतो. शंका असेल तर रंगावर जाऊ नका, थर्मामीटर खुपसून बघा. कोंबडीच्या सर्वांत जाड भागात 74 अंश आले असतील तर ती शिजली आहे.

मग वाटणी. दोन किलोचा अखंड तुकडा तसाच फ्रीजमध्ये ढकलला तर त्याचा गाभा कित्येक तास कोमट राहतो. त्याचे मुठीएवढे तुकडे करा आणि 5 सेंटीमीटरपेक्षा खोल नसलेल्या पसरट डब्यात ठेवा. थोडं कोमट असताना आत गेलं तरी चालतं, फक्त डब्याभोवती हवा खेळायला जागा ठेवा. उलट टोकाला जाऊन सगळंच बारीक चिरून ठेवू नका. जितके बारीक तुकडे, तितका हवेशी संबंध जास्त आणि तितकं मांस लवकर सुकतं.

काय रात्री सोडवायचं आणि काय सकाळवर ठेवायचं, ते मांसावर ठरतं. कोंबडी कोमट असतानाच हाडांवरून काढा, सहज निघते. रेषा रेषा सुट्ट्या करून खायचा खांद्याचा तुकडाही गरम असतानाच उकलून घ्या. त्यातल्या विरघळलेल्या कूर्चेचं आणि स्नायूबंधांचं जिलेटिन गार झालं की जेलीसारखं धरतं, चरबी थिजते आणि मग तो तुकडा काही केल्या सुटत नाही. जे मांस काप करून खायचं, म्हणजे स्टेक, मटणाची मांडी किंवा छातीचा मोठा तुकडा, ते मात्र रात्री मुठीएवढ्या तुकड्यांहून बारीक न करता दुसऱ्या दिवशी गार असताना कापा. गार मांसाचे 3 मिलिमीटरचे काप सुबक निघतात. सुरी रेषांना आडवी चालली पाहिजे; रेषांच्या दिशेने कापलेलं मऊ मांससुद्धा दातात अडकतं.

परातीत साचलेला रस कधीही ओतून देऊ नका. तो मांसावरच घाला. फ्रीजमध्ये त्याचा जेलीसारखा थर होतो, वर चरबी थिजते आणि या दोन्हींमुळे हवा मांसापर्यंत पोचत नाही. शिळ्या मांसाला जो ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो हवेमुळेच येतो. शिजताना मांसातलं लोह मोकळं होतं आणि ऑक्सिजनच्या संगतीने ते नाजूक स्निग्धांश खवट करायला लागतं. कोंबडी आणि टर्की यांत असे स्निग्धांश जास्त, म्हणून त्यांना हा वास सर्वांत आधी लागतो. धुरातली काही द्रव्यं हा खवटपणा थोपवतात, त्यामुळे धुरी दिलेली कोंबडी नुसत्या ग्रिल केलेल्या कोंबडीपेक्षा चवीला जास्त टिकते. डबा मांसाच्या मापाचा घ्या, मोठ्या डब्यात उरलेली जागा हवेचीच असते.

4 अंश किंवा त्याहून थंड फ्रीजमध्ये हे मांस 3 ते 4 दिवस चांगलं राहतं. तेवढ्यात संपणार नसेल तर चौथ्या दिवसाची वाट न बघता पहिल्या रात्रीच फ्रीझरमध्ये टाका.

गरम करण्याची रीत

मांस तापताना त्यातली प्रथिनं आकसतात आणि पाणी बाहेर पिळून काढतात. एकदा हे झालेलंच आहे. दुसऱ्यांदा जितकं जास्त तापवाल तितकं उरलंसुरलं पाणीही जाईल. म्हणून गाभ्यात 74 अंश गाठायचे आणि लगेच थांबायचं. हे मापात करायला टोकदार डिजिटल थर्मामीटर लागतो. बार्बेक्यू करणाऱ्याकडे तो एरवीही असावाच.

कापांसाठी झाकणाचा पॅन उत्तम. 2-3 टेबलस्पून स्टॉक (हाडं शिजवून काढलेलं पाणी) किंवा साधं पाणी घालून ते वाफाळू द्या, काप एका थरात पसरा, झाकण ठेवा, मंद आचेवर 2 ते 4 मिनिटं. कोरड्या तव्यावर हेच काप तेवढ्याच वेळात चामड्यासारखे होतात. अर्ध्या किलोचा अखंड तुकडा असेल तर त्यावर 4 टेबलस्पून स्टॉक घालून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि 160 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. 25 ते 35 मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा थर्मामीटरचं ऐका. मायक्रोवेव्ह वापरायचा तर अर्ध्या शक्तीवर, वर ओला कागदी रुमाल टाकून, दर मिनिटाला तुकडे उलटत. पूर्ण शक्तीवर कडा टणक होतात आणि मध्य गारच राहतो. कातडीसकट कोंबडी मायक्रोवेव्हमध्ये नको, कातडी रबरासारखी होते. आधी कातडी काढून पॅनमध्ये कुरकुरीत करा आणि वरून चुरून घाला.

पुन्हा निखाऱ्यांवर ठेवायचा मोह होतो. मांस आधी दुसऱ्या पद्धतीने गरम झालेलं असेल तर सॉस चकचकीत करण्यापुरतं, एका बाजूने एक मिनिट ठेवायला हरकत नाही. त्याहून जास्त नको, कारण बार्बेक्यू सॉसमध्ये साखर बरीच असते, ती आधी करपते आणि मग सगळा घास कडू लागतो.

परतलेला भात

सुरुवात इथून करा, कारण यात बिघडण्यासारखं कमी आहे. कोंबडीची तंगडी, पोर्क, सॉसेज, मटण, सगळं चालतं. तीन-चार जणांसाठी 4 कप शिजवून गार केलेला भात, 200 ग्रॅम मांस, 2 अंडी, 1 मोठा कांदा, 1 कप बारीक चिरलेल्या भाज्या, 2 टेबलस्पून तेल आणि 1 टेबलस्पून सोया सॉस.

1. मांसाच्या 1 सेंटीमीटरच्या फोडी करा. काळे करपलेले कंगोरे कापून टाका. सॉस जाड लागलेला असेल तर खरवडून वाटीत ठेवा.
2. भात हाताने मोकळा करा. गुठळ्या कढईत मोडायला गेलात तर शितं मोडतात आणि लगदा होतो.
3. कढई चांगली तापवून निम्म्या तेलात अंडी हलवा, जेमतेम धरली की काढून ठेवा.
4. उरलेल्या तेलात कांदा, मग भाज्या मोठ्या आचेवर 3-4 मिनिटं परता.
5. भात घालून 3 मिनिटं परता. वाफेऐवजी चुरचुर आवाज आला की भात कोरडा होऊन तळला जातोय असं समजा.
6. आता मांस आणि अंडी घाला, 2-3 मिनिटं हलवा. खरवडलेला सॉस आणि सोया सॉस कढईच्या कडेने सोडा. चव बघा, मीठ बहुतेक लागणार नाही.

ताजा, ओलसर भात घेतला की हमखास गिचका होतो. मात्र आदल्या दिवशीचा भातही शिजल्यापासून तासाभरात पसरून गार करून फ्रीजमध्ये ठेवलेला असावा. तांदळातले काही बीजाणू शिजूनही टिकतात आणि भात बाहेर राहिला की असं विष तयार करतात, जे परतूनही जात नाही.

बटाटे आणि मांस, एकाच पॅनमध्ये

500 ग्रॅम बटाट्यांच्या दीड सेंटीमीटरच्या फोडी थंड, खारट पाण्यात घालून उकळी आल्यावर 5-6 मिनिटं शिजवा. निथळा आणि चाळणीतच 5 मिनिटं वाफ जाऊ द्या. ही पाच मिनिटं वाचवली की बटाटा खरपूस होतच नाही. जाड बुडाच्या पॅनमध्ये 2 टेबलस्पून तेल किंवा डब्यावर थिजलेली चरबी तापवून फोडी एका थरात पसरा आणि 5 मिनिटं अजिबात हलवू नका. खालून सोनेरी झाल्या की उलटा. एकूण 12 ते 15 मिनिटांत सगळीकडून रंग येतो. मग चिरलेला कांदा घालून 4 मिनिटं आणि सर्वांत शेवटी 200 ग्रॅम मांस, 2-3 मिनिटंच. मांस आधी घातलं तर सॉसमधली साखर बुडाला धरते आणि बटाटा तयार व्हायच्या आत पॅन काळा पडतो. वर एक अर्धंकच्चं अंडं आलं की जेवण पूर्ण होतं.

कडधान्याचा रस्सा

उरलेल्या बार्बेक्यूचं खरं सोनं इथे होतं. राजमा किंवा पांढऱ्या घेवड्याचे दाणे सौम्य आणि पिठूळ असतात, ते धूर, चरबी आणि गोड-आंबट सॉस सगळं शोषून घेतात. रिब्स, खांद्याचं पोर्क, सॉसेज आणि कापांचे उरलेले तुकडे यासाठी बाजूला ठेवा.

250 ग्रॅम दाणे भरपूर पाण्यात 8 ते 12 तास भिजवा, ते पाणी टाका. ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळा. राजम्यासाठी ही पायरी सक्तीची आहे, कारण कच्च्या राजम्यात असं द्रव्य असतं ज्याने उलट्या आणि जुलाब होतात, आणि मंद आचेवर ते नष्ट होत नाही. स्लो कुकरमध्ये करणार असाल तरी आधीची खळखळ उकळी चुकवू नका. त्यानंतर मंद आचेवर दाणा बोटांनी सहज चिरडेपर्यंत शिजवा. 45 मिनिटं ते दीड तास लागू शकतो. जुने दाणे जास्त वेळ घेतात.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक अशी, की सगळं एकदमच पातेल्यात जातं आणि तीन तासांनीही दाणा कडक राहतो. बार्बेक्यू सॉसमध्ये टोमॅटो आणि व्हिनेगर असतं. आंबटपणा दाण्याच्या पेशींमधला चिकट बंध विरघळू देत नाही आणि भरपूर साखरही मऊ होण्याची गती मंदावते. म्हणून आधी दाणे पूर्ण मऊ होऊ द्यायचे. मग वेगळ्या पॅनमध्ये कांदा आणि 4 लसूण पाकळ्या परतून त्यात 2 टोमॅटो शिजवा आणि 3-4 टेबलस्पून सॉससह पातेल्यात घाला. 250 ग्रॅम मांस घालून मंद आचेवर 20-25 मिनिटं. कोंबडीच्या छातीसारखं कोरडं मांस असेल तर ते शेवटच्या 5 मिनिटांतच घाला. रस्सा पातळ वाटला तर पळीभर दाणे पातेल्याच्या कडेला चिरडा, पीठ लावायची गरज नाही.

सुरुवातीला म्हटलेला अपवाद हाच. काल भाजूनही चिवट राहिलेलं मांस, म्हणजे घाईत उतरवलेला मटणाचा किंवा खांद्याचा तुकडा, फक्त गरम करून सुधारणार नाही. त्यातल्या स्नायूबंधांचं जिलेटिन अजून झालेलंच नाही. त्याच्या 3 सेंटीमीटरच्या फोडी करून स्टॉकमध्ये, झाकण ठेवून, बुडबुडे क्वचित येतील एवढ्या आचेवर एक ते दीड तास शिजवा आणि काटा सहज घुसला की रश्शात घाला. बिघडलेला बार्बेक्यू असा सुधारता येतो, तो फेकू नये.

हाडं

भाजलेल्या हाडांचा स्टॉक साध्या स्टॉकपेक्षा गडद आणि दमदार होतो. वाढायच्या परातीत राहिलेली हाडंच घ्या, ताटात चोखलेली नकोत. 1 किलो हाडांना 2 लिटर थंड पाणी, एक कांदा, एक गाजर, 8-10 मिरे. मीठ अजिबात नाही. हाडांवरच्या मसाल्यात ते आहे आणि आटताना ते आणखी तीव्र होईल. हाडांवरचा काळा थर आणि चिकटलेला सॉस सुरीने खरवडून काढा, नाहीतर सगळं पातेलं कडवट होईल. सावकाश तापवा, वर येणारा फेस काढत राहा. कोंबडीला 2 ते 3 तास, रिब्स आणि मटणाच्या हाडांना 4 ते 5 तास. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात घुसळली जाऊन स्टॉक गढूळ, तेलकट होतो. गाळून पातेलं थंड पाण्याच्या टबमध्ये ठेवा, लवकर गार होईल. मग फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वरची चरबी चकतीसारखी उचलून घ्या. ती बटाट्यांसाठी जपा.

हा स्टॉक बऱ्याचदा फार धुरकट असतो. सूप करण्याआधी चमचाभर चाखा आणि जिभेवर राखेची चव रेंगाळली तर स्टॉकइतकंच पाणी मिसळा. मसूर, जव, मका, कोबी यांची सूपं यात छान होतात. मांसाच्या फोडी वाढायच्या वेळी घाला.

अंडी आणि गार खाणं

6 अंडी, 3 टेबलस्पून दूध आणि 120 ग्रॅम बारीक चिरलेलं मांस घेऊन जाड ऑम्लेट होतं: 24 सेंटीमीटरचा पॅन, झाकण, अगदी मंद आच, 10-12 मिनिटं. मांस आधी गरम करून घ्या आणि त्यावरचा सॉस पुसून टाका. गार मांसाभोवतीचं अंडं कच्चं राहतं, आणि सॉसमुळे ऑम्लेटला पाणी सुटतं.

सँडविच आणि सॅलडसाठी मांस गरम करायचीच गरज नाही, आणि कोंबडीच्या छातीचा हाच सर्वांत चांगला उपयोग आहे. पातळ काप करून 10-15 मिनिटं बाहेर ठेवा, फार गार असताना चव कळत नाही. मटणावरची चरबी मात्र कापून टाका, गार झाल्यावर ती टाळूला मेणासारखी चिकटते. सोबत आंबट काहीतरी हवंच: एक कांदा पातळ चिरून 3 टेबलस्पून व्हिनेगर, अर्धा चमचा मीठ आणि 1 चमचा साखरेत 20 मिनिटं मुरवा.

चव हाताबाहेर गेली तर

पदार्थ खारट झाला तर पाणी ओतण्याआधी सौम्य भर घाला: उकडलेला बटाटा, भात, बिनमिठाचे दाणे. फार गोड लागला तर लिंबू किंवा व्हिनेगरचे थेंब, एकेक चमचा करत. धूर जास्त वाटला तर दही, साय किंवा लोणी त्याची धार मोडतं. कडवटपणा मात्र कशानेही जात नाही, म्हणून करपलेले कंगोरे आधीच कापायचे. मीठ नेहमी मांस पडल्यानंतर, चव बघूनच.

फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर

200-250 ग्रॅमच्या वाटण्या करा, म्हणजे एका वेळच्या जेवणाला एक पिशवी पुरते. प्रत्येकीत 2-3 चमचे रस किंवा स्टॉक घाला, हवा दाबून काढा आणि 2 सेंटीमीटर जाडीची सपाट लादी करून गोठवा. गोळा करून गोठवलेलं मांस बाहेरून सुटलं तरी आतून दगड राहतं. पिशवीवर तारखेसोबत मांसाचा प्रकार आणि ‘सॉस आहे’ किंवा ‘सॉस नाही’ हेही लिहा. गोठल्यावर सगळं सारखंच दिसतं. उणे 18 अंशांवर 2 ते 3 महिने चव चांगली राहते. त्यानंतर ते खाण्याजोगं असतं, पण सुकत जातं.

वापरायच्या आदल्या रात्री पिशवी खालच्या फ्रीजमध्ये काढा, ओट्यावर नको. घाई असेल तर गोठलेल्या मांसाची लादी सरळ उकळत्या रश्शात किंवा सूपमध्ये घातली तरी चालते. उकळी पुन्हा येऊन मांस मध्यापर्यंत गरम झालं की झालं. भातासाठी आणि ऑम्लेटसाठी मात्र पूर्ण सुटलेलं, निथळलेलं मांसच घ्या.

राहिलं कुत्र्याचं. मसाला लावलेल्या मांसात कांदा-लसणाची पूड असते आणि ती कुत्र्यामांजरांना विषारी ठरते. शिजलेली हाडं चावताना अणकुचीदार तुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. स्टॉक झाल्यावर हाडं घट्ट बांधून, झाकणाच्या कचरापेटीतच टाका.